नाताळचा पाव आणि दादांचा भंडारा

संत्र्याची साल खातात हे मला बारामतीला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या निरवांगीच्या घरी संत्रं यायचं ते कुणी आजारी पडल्यावर, आणि त्याची साल आई चुलीमागं वाळत टाकायची ती उटण्यासाठी. त्यामुळं त्या हिवाळ्यात सिस्टरबाई जेव्हा मला म्हणाल्या, "शालन, संत्री तू खा, साली मला दे," तेव्हा मला वाटलं त्या थट्टा करताहेत. मी दोन फोडी खाऊन थांबले. पोटभर संत्री खायची सवय नव्हती, आणि दुसऱ्याच्या घरात पोटभर काही खायचं नसतं असं आईनं सांगून पाठवलेलं. बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "अगं, खाल्ल्याशिवाय साली कुठून येणार? खा लवकर." मग त्यांनी त्या सालींचे लांब काप केले, पाणी बदलत बदलत उकळले, साखरेच्या पाकात शिजवले आणि परातीत पसरून गच्चीवर उन्हात ठेवले. लिंबाच्या सालींचंही तेच. संध्याकाळी एक काप त्यांनी माझ्या हातावर ठेवला. आधी कडू, मग गोड, मग पुन्हा थोडा कडू लागला. फेकून द्यायच्या वस्तूला एवढी चव असते याचा मला धक्काच बसला, आणि खरं सांगायचं तर त्या घरातले माझे पुढचे कितीतरी महिने असे धक्के बसण्यातच गेले.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी बाळंतपणं केली होती. माझा जन्मही त्यांच्याच हातचा. पुढं बदली झाली, नवरा वारला, आणि नोकरी संपल्यावर त्या बारामतीत आपल्या छोट्या घरात एकट्याच राहत होत्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. वडिलांनी मेंढरं मोठ्या भावाकडं, म्हणजे आबांकडं, दिली आणि थोडा ऊस लावला. वडिलांना मी दादा म्हणायची. मुलीला बारामतीत ठेवायची म्हटल्यावर भावकीनं त्यांना बरंच ऐकवलं, तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "बाय हाय तितं. जिनं जल्माला घातली तिच्याच घरात ठिवतूय." बाई ख्रिस्ती आहेत याची चर्चा आमच्या घरात झाल्याचं मला आठवत नाही. त्या आमच्यासाठी दवाखान्यातल्या बाई होत्या.

डिसेंबर लागला तसं त्या घराचं रूपच पालटलं. मनुका, बेदाणे, टुटीफ्रुटी, त्या पाकवलेल्या साली असं सगळं एका चिनी मातीच्या बरणीत मुरत पडलं होतं. बरणी बाईंच्या खोलीत पलंगाखाली असायची आणि ती त्या स्वतःच हलवायच्या. "कशात मुरवलंय बाई?" असं मी एकदा विचारलं. "रसात," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. मी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा मला कुणाला दुसऱ्यांदा काही विचारायचं धाडस व्हायचं नाही. वर्गातसुद्धा कळलं नाही तर मी मान हलवायची.

मग पीठ मळायचा दिवस आला. मैदा, लोणी, साखर, कोमट दुधात फुगवलेलं खमीर आणि अंडी. गोडाच्या पदार्थात अंडी फोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि नकळत मागं सरकले. आमच्याकडं अंडं म्हणजे कालवण, तेही चुलीवर नव्हे तर बाहेर तीन दगडांवर. बाई हसल्या. "घाबरू नको, कोंबडी बघायला येत नाही." पीठ मात्र मी मळलं. भाकरीचं पीठ मळलेल्या हाताला ते फार मऊ लागलं, जित्राबाच्या पोटाला हात लावावा तसं गरम आणि हलणारं. त्यात मुरलेली फळं घालताना एक उग्र गोड वास उठला. मला वाटलं खमिराचाच वास असणार.

भट्टी आपल्या घरी नसतेच, ती बेकरीत असते, हेही तेव्हाच समजलं. नाताळच्या आठवड्यात त्या गल्लीतली ख्रिस्ती घरं आपापली पिठं डब्यांत घालून जवळच्या बेकरीत नेत. बेकरीवाले चाचा आपल्या खाऱ्या-नानकटाया काढल्या की भट्टी त्यांच्या हवाली करत. डबे सगळ्यांचे सारखेच, म्हणून प्रत्येक घर पिठावर आपली खूण उमटवी. कुणी काट्यानं, कुणी वाटीच्या काठानं. बाई दोऱ्याच्या रिकाम्या रिळानं मधोमध एक गोल दाबत. चाचा म्हणाले, "सिस्टर, दरसाल माझ्या भट्टीला अत्तर लावून जाता. आठवडाभर माझ्या खारीला संत्र्याचा वास येतो, गिऱ्हाईक भांडतं."

"मग त्यांना सांगा, नाताळची खारी आहे."

"सांगितलं. म्हणाले, मग ईदची द्या."

मला पाव भाजून बाहेर येताना पाहायचे होते, पण त्याच वेळी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मी परतले तेव्हा टेबलावर तांबूस चकचकीत पाव ओळीनं मांडलेले होते आणि बाई त्यांना बटरपेपरात गुंडाळून लाल फीत बांधत होत्या. शेजारी, पोस्टमन, दवाखान्यातल्या आया, किराणावाला, पाणी सोडणारा माणूस, सगळ्यांचा एकेक. घरात चाखायलाही न ठेवता आधी दुसऱ्यांना द्यायचं, हे पाहून मी चकित झाले. आम्हीही दिवाळीला ताटं द्यायचो, पण देवापुढं ठेवून, घरच्यांनी खाऊन मग. सगळ्यात मोठा पाव त्यांनी माझ्या हातात दिला. "हा निरवांगीला. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग." दुसऱ्या दिवशी एसटीत तो मांडीवर घेऊन बसले तर पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा मागं वळून पाहत होता. एवढा वास सुटला होता.

आता दादांच्या भंडाऱ्याबद्दल सांगायला हवं. मी प्राथमिक शाळेत असताना दादा प्यायचे. थोडी नाही, पार ओढ्याला पडून राहण्याइतकी. त्या दिवसांतलं फार काही मी लिहिणार नाही, आई गेली आता, तिला ते आवडलं नसतं. मग एकदा, का ते मला कधीच नीट कळलं नाही, ते सकाळीच अंघोळ करून मला बिरोबाच्या देवळात घेऊन गेले. आबा तिथले पुजारी. आबांच्या समोर दादांनी एका हातात भंडारा उचलला, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "थेंब तोंडात गेला तर ह्या लेकराचं बरंवाईट तुझ्या हातात." आमच्यात हळदीचा भंडारा उचलून बोललेलं परत घेता येत नाही. तो हात किती जड होता ते मला अजून आठवतं. त्या दिवसापासून दादांनी दारू सोडली. माझी शाळा, पुढं कॉलेज, घरातलं दूधदुभतं, आईचं हसणं, सगळं त्या सकाळनंतरचं आहे.

मी घरी पोचले तेव्हा दादा गोठ्यातून येऊन हातपाय धूत होते. आईनं चहा टाकला. फीत सोडून मी पाव ताटात ठेवला तर आई त्याच्याकडं बघतच राहिली. "ह्यो पाव हाय व्हय? मला वाटलं गूळ हाय." दादांनी मोठा तुकडा तोडला, चहात न बुडवता तसाच खाल्ला आणि मान डोलवली. "बायचा हात पयल्यापास्नंच हलका. हितं बी हलकाच." आई म्हणाली, "बाळंतपन आन पाव एकच का?" दादा हसत होते. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. त्यात खालच्या बाजूला मनुकांचा पुंजका होता. तो त्यांनी दाताखाली घेतला आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

"काय वं, खडा लागला?" आईनं विचारलं.

"शालन," दादा म्हणाले, "ह्याच्यात काय काय घातलंय?"

मी सांगत गेले. मैदा, लोणी, साखर, अंडी, मनुका, साली.

"आन?"

"आणखी काही नाही दादा."

"दारू हाय ह्याच्यात."

ते हे अगदी हळू म्हणाले. आई म्हणाली, "कायतरीच बोलताय. पावात कोन दारू घालतंय?" आणि तिनं तुकडा नाकाशी नेला. तिचा चेहरा मी पाहत होते. तिला तो वास माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. तिनं तुकडा ताटात ठेवला आणि विंचवावर पाटी घालावी तशी त्या ताटावर पाटी पालथी घातली. दादा उठले, अंगणात जाऊन चुळा भरत राहिले. मग आत आले आणि माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, माझ्या डोक्याकडं. मी एवढंच म्हणू शकले, "मला माहीत नव्हतं." दादांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. पायात वहाणा न घालता ते बाहेर पडले.

"गेलं परत," आई म्हणाली. कुठं ते तिला सांगावं लागलं नाही. ज्याची गाठ एकदा सुटली तो माणूस परत कुठं जातो हे तिनं पाहिलेलं होतं. आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. भट्टीच्या आचेत दारूतला अंश उडून जातो, हे मला तिला समजावून सांगता आलं असतं. नंतर कळलं की तेही खरं नव्हतं. भाजून झाल्यावर गरम पावावर बाई पाकाबरोबर पुन्हा एकदा रम शिंपडत, म्हणजे पाव टिकतो. मिलिटरीतून परत येऊन कन्हेरीला राहणारा त्यांचा भाऊ दरसाल बाटली आणून देई, आणि शेजारीपाजारी बोलतील म्हणून त्या ती लपवून ठेवत. पण त्या संध्याकाळी मला विज्ञान आठवलंच नाही. मी आपल्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहत होते. हे लिहायला आजही संकोच वाटतो.

दिवेलागणीला दादा आले ते आबांना बरोबर घेऊन. आई पाण्याचा तांब्या द्यायला पुढं झाली आणि जरा जास्तच जवळ गेली. मग तिनं डोळे मिटून श्वास सोडला. ते प्यायले नव्हते. देवळात जाऊन बसले होते. आबा ओट्यावर टेकले. त्यांची बोलायची पद्धत अशी, की समोर दोन माणसं असली तरी शंभर मेंढरांना हाक दिल्यासारखा आवाज. "जान्याला म्या सांगितलंय," ते म्हणाले. जानू हे दादांचं नाव. "ठावं असून खाल्लं तर मोडली. ठावं नसताना खाल्लं तर मोडली न्हाय. पर त्ये देवाला कुनी सांगायचं? ज्येच्या हातचं खाल्लं त्येनं. त्या बाईनं देवाम्होरं यायचं, भंडारा उचलायचा, आन म्हनायचं का म्या न सांगता दिलं. मग जान्यानं पुन्यांदा उचलायचा."

"आन ती न्हाय आली तर?" आईनं विचारलं.

आबांनी देवळाच्या दिशेनं पाहिलं.

"तवर हिनं शिव वलांडायची न्हाय," दादा म्हणाले. "एसटीत बसायचं न्हाय. नदीकडं जायाचं न्हाय." सुट्टीनंतर माझी सहामाही होती. पण परीक्षेचं नाव काढायची ती वेळ नव्हती. आणि आई म्हणाली तेही खरंच होतं, की उद्या त्यांचा नाताळ, वर्षाचा सण टाकून ती बाई आपल्या देवळात कशाला येईल, आणि तिच्या माणसांनी तिला का येऊ द्यावं.

पहाटेच्या गाडीनं दादा बारामतीला गेले. तिथं काय झालं ते मला नंतर बाईंनी सांगितलं. चर्चमध्ये त्यांची प्रार्थना चालू होती, म्हणून दादा बाहेर फाटकापाशी उभे राहिले. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी. नवे कपडे घातलेली पोरं त्यांच्याकडं बघत होती. प्रार्थना सुटली, माणसं एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत बाहेर आली आणि त्या सगळ्यांच्या देखत दादांनी विचारलं, "बाय, तुमच्या पावात दारू हुती का?" बाई म्हणाल्या, त्या क्षणी त्यांना जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. तरी त्या म्हणाल्या, "होती." मग दादांनी भंडाऱ्याचं सांगितलं. माझ्या डोक्याचं सांगितलं. बाईंच्या घरी पाहुणे जेवायला यायचे होते. त्यांनी किल्ली भावाकडं दिली आणि चर्चला घातलेल्या पांढऱ्या साडीतच त्या एसटी स्टँडवर आल्या.

दुपार कलल्यावर त्या दोघांना पांदीतून येताना पाहून आईनं तोंडाला पदर लावला. बाई आल्या आल्या माझ्याजवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि सवयीनं नाडी मोजली. "मी तुला रस म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुला तरी खरं सांगायला हवं होतं." आम्ही सगळे देवळात गेलो. आबांनी वाटीतला भंडारा पुढं केला. "उचला बाई. आन सांगा."

बाईंनी हात पुढं केला नाही. "सांगते," त्या म्हणाल्या, "पण शपथ घेणार नाही आबा. आमच्यात शपथ वाहू नये असं सांगितलंय. होय तर होय म्हणावं, नाही तर नाही. मी त्या पावात रम घातली होती. या माणसाची शपथ मला माहीत नव्हती. त्यांनी अजाणता खाल्लं. एवढं खरं आहे."

"भंडाऱ्याबिगर देव कसा ऐकंल?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते खरोखरच अडकले होते. एवढ्या लांबून बाई आल्या, आणि आता सगळं एका मुठीवर येऊन थांबलं होतं. आई बाईंकडं पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग होता की विनवणी ते मला सांगता येणार नाही.

दादाच पुढं झाले. "आबा, ही पायाळू आली तवा ही बाय म्हनली हुती, दोगी जगत्याल, भायेर जाऊन बसा. म्या बसलो. तवा कुनी भंडारा उचलला हुता? ह्यांचं व्हय म्हंजी व्हय."

आबांनी देवाकडं पाहिलं. मग वाटी दादांच्या पुढं धरली. "बरं. तू उचल."

दादांनी मूठ भरली. दुसरा हात माझ्या डोक्याकडं आला. मी मान खाली घातली. पण तो हात डोक्याला लागलाच नाही. वर पाहिलं तर बाईंनी दादांचं मनगट धरलं होतं. आमच्या देवळात, आमच्या आबांच्या देखत, परक्या घरच्या बाईनं दादांचा हात अडवलेला. आई कण्हल्यासारखी काहीतरी म्हणाली.

"पोरीच्या डोक्यावर नको," बाई म्हणाल्या. "जानूभाऊ, उद्या आणखी कुणी माझ्यासारखं न सांगता खायला घातलं तर तिनं का भोगायचं? शपथ तुमची. डोकं तुमचंच घ्या."

मला वाटलं आता दादा हात झिडकारतील. आबा आधी बाईंकडं, मग दादांकडं पाहत होते. दादांनी हात सोडवून घेतला, हळूच, आणि पागोटं उतरवून आईकडं दिलं. दिवसाउजेडी दादांचं उघडं डोकं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भुवयांपर्यंत चेहरा उन्हानं काळवंडलेला आणि त्याच्यावर पांढरंफटक कपाळ, तान्ह्या मुलासारखं, विरळ केसांचं. मला ते बघवेना आणि नजरही हलवता येईना. त्यांनी आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवला. "थेंब जानून तोंडात गेला," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तर माजं बरंवाईट." लेकराचं नाव त्यात नव्हतं.

आज दुकानातून आणलेल्या केकच्या खोक्यावर आत काय काय आहे ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. चष्मा लावून ते वाचल्याशिवाय मी घरी आलेल्या कुणापुढं तो ठेवत नाही. माझी सून हसते. तिला मी कारण सांगितलेलं नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यावरून काय उतरलं, ते मलाच कळायला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा फक्त मान हलकी वाटत होती आणि भूक लागली होती.

मुक्कामाला बाई आमच्याकडंच राहिल्या. आईनं त्यांना बाजरीची भाकरी आणि कालवण वाढलं आणि त्यांच्या नाताळचं जेवण चुकलं म्हणून रात्री खीरही केली. सकाळी आम्हा दोघींना गाडीत बसवायला दादा फाट्यावर आले. पागोटं बांधलं होतं, पण त्याच्या काठाला भंडारा लागून पिवळी रेघ उमटली होती. मला सीट मिळाली. बाई पायरीवर असताना दादांनी त्यांना थांबवलं.

"बाय, त्यो पाव त्येच्याबिगर व्हतो का?"

"होतो की. फळं संत्र्याच्या रसात भिजवायची," बाई म्हणाल्या. "पण मग तो टिकत नाही जानूभाऊ. चार दिवसांत वाळतो."

कंडक्टरनं घंटी दिली. दादा गाडीबरोबर दोन पावलं चालले आणि खिडकीतून म्हणाले, "टिकाय ठिवतंय कोन."